बियांचं केळं

पिकलेलं केळं आडवं कापून पाहा. गराच्या मधोमध बारीक काळपट ठिपके दिसतात. खाताना ते जिभेला जाणवतही नाहीत. हे ठिपके म्हणजे धरता धरता राहून गेलेल्या बिया. रानातल्या केळीचं फळ असंच कापलं, तर त्याच जागी काळ्या, खड्यासारख्या टणक बिया खच्चून भरलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत चाटण्यापुरता गर. कधीकाळी आग्नेय आशियातल्या आणि न्यू गिनीकडच्या माणसांना रानात अशी एखादी केळ सापडली, जिच्या फळात बी जवळजवळ नव्हतीच. त्यांनी तिच्या बुंध्याशी फुटलेले मुनवे खणून घराजवळ लावले. न्यू गिनीतल्या कुक या दलदलीच्या जागी सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीचे पुरावे मिळाले आहेत. तेव्हापासून आजवर माणूस बिनबियांची केळ मुनव्यावरून मुनव्यावर पुढे नेत आला आहे.

जळगावच्या माणसाला केळीचं महत्त्व सांगायला नको. तापीच्या काठाने रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा असं फिरावं, तर मैलोन्‌मैल बागाच बागा. पावसाच्या तोंडावर लावली ती मृगबाग, पाऊस ओसरताना लावली ती कांदेबाग, आणि घड काढल्यावर बुंध्याशी राखलेल्या पिलावर धरली ती पिलबाग. बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी, ग्रँड नैन ही वाणांची नावं इथे घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2021 च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली.

या वैभवाच्या पोटात एक नाजूक गोष्ट दडलेली आहे. बिनबियांच्या केळीला संतती नसते, फक्त नक्कल असते. कंद लावा, मुनवा लावा किंवा प्रयोगशाळेत वाढवलेलं ऊतिसंवर्धित रोप लावा, येणारी केळ आधीच्या केळीची हुबेहूब प्रत असते. ग्रँड नैनची हजार एकर बाग म्हणजे गुणधर्मांच्या हिशेबात एकच झाड हजार एकरांवर उभं आहे. एका झाडाला जो रोग मारू शकतो, तो सगळ्यांना मारू शकतो. नवा गुण आणायचा तर तो बहुधा बी धरणाऱ्या केळीकडूनच आणावा लागतो, आणि बी धरणारी केळ रानात असते. मात्र रानातली केळ कामाला येण्याआधी कुणीतरी तिच्यापर्यंत चालत जावं लागतं, ती इतरांहून वेगळी आहे हे ओळखावं लागतं आणि जगाला मान्य होईल अशा रीतीनं तिला नाव द्यावं लागतं. वनस्पतीला नाव देण्याच्या या कसबाचा हा परिचय. खानदेशच्या घराघरात ज्याचं मोल कळावं, असं हे कसब आहे.

कृष्णा नाल्याच्या रानात

अंदमान द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला लिटल अंदमान नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सातशे चौरस किलोमीटरांच्या आसपास. ओंगी लोकांचं हे घर, आणि बेटाचा मोठा भाग दाट सदाहरित रानानं झाकलेला. 2012 मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे शास्त्रज्ञ लाल जी सिंह या बेटावर काम करत होते. कृष्णा नाला नावाच्या रानात, सुमारे 16 किलोमीटर आत, त्यांना एक केळ दिसली.

तिची उंची जवळपास 11 मीटर होती. आपल्याकडची बसराई माणसाच्या उंचीला जाऊन थांबते, ग्रँड नैन त्याहून थोडी वर. ही केळ तिमजली इमारतीएवढी. घडाचा दांडा जवळपास एक मीटर लांब, नेहमीच्या केळीच्या तिपटीने मोठा. फुलं हिरवी. फळ कापलं तर आतला गर पांढरा किंवा पिवळसर असायच्या ऐवजी नारिंगी.

एवढं पाहिल्यावर सामान्य माणूस म्हणेल, नवीन केळ सापडली. शास्त्रज्ञाला तसं म्हणायला दोन वर्षं लागली. 2014 मध्ये राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या ‘तैवानिया’ या नियतकालिकात तिचं वर्णन छापून आलं आणि तिला ‘मुसा इंडअंदमानेन्सिस’ हे नाव मिळालं. नावातच भारत आणि अंदमान दोन्ही आले. पुढे हीच केळ निकोबार बेटांवरही आढळली. 2017 मध्ये त्याच शास्त्रज्ञानं उत्तर अंदमानातल्या कृष्णपुरीच्या रानातून आणखी एका केळीची नोंद केली. तिची उंची सुमारे नऊ मीटर, फळं होडीच्या आकाराची, आत भरपूर बिया. वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे तेव्हाचे संचालक परमजित सिंह यांच्या नावावरून ती ‘मुसा परमजितियाना’ झाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपण सगळेच केळीचं झाड म्हणतो, पण वनस्पतिशास्त्र केळीला झाड मानत नाही. तिच्यात लाकूडच नसतं. ज्याला आपण खोड म्हणतो, ते एकात एक घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या देठांचं वेटोळं. सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाच्या चार कोपऱ्यांवर केळीचे खुंट बांधताना ते सोलले, तर हे पदर सहज सुटून येतात. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. निसवायची वेळ झाली की फुलाचा दांडा त्या कंदातून निघतो, पदरांच्या मधल्या पोकळीतून वर चढतो आणि शेंड्याला केळफूल बनून बाहेर पडतो. म्हणजे अंदमानातली ती 11 मीटरची केळ शास्त्राच्या भाषेत एक महाकाय शाकीय वनस्पती. नाव देण्याच्या कामात अशा समजुती आधी बाजूला ठेवाव्या लागतात. जे डोळ्यांना दिसतं त्याच्या आत काय आहे, ते उघडून पाहावं लागतं.

कागदात मावणार नाही अशी वनस्पती

नवी वनस्पती सापडली की तिचा नमुना घ्यायचा ही पहिली पायरी. फांदी, पानं, फुलं आणि फळं वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून ठेवायची, लाकडी दाबपट्टीत आवळायची आणि ओल जाईपर्यंत रोज कागद बदलायचे. वाळलेला नमुना मग जाड पांढऱ्या कागदावर चिकटवतात. उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लागते: जागा, तारीख, उंची, जमिनीचा प्रकार, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. नीट जपला तर एक कागद दोन-तीनशे वर्षं टिकतो.

केळीपुढे ही सगळी पद्धत अडखळते. दोन मीटर लांबीचं पान कागदावर मावत नाही. ते तुकड्यांनी कापून, टोक, मध्य आणि देठाकडचा भाग असं वेगवेगळं जपावं लागतं. त्यात पाणी इतकं, की वाळण्याआधीच काळं पडून कुजायला लागतं. फुलं आणि फळं द्रावणात बुडवून बरणीत ठेवावी लागतात. रंग मात्र कशातच टिकत नाही. केळफुलाच्या आतल्या बाजूची लाली, खोडावरचे तपकिरी डाग, गराचा नारिंगीपणा हे सारं वहीत तिथल्या तिथे उतरवलं नाही, तर कायमचं गेलं. त्यामुळे केळीचे नमुने जगभरच्या संग्रहांत फार थोडे आहेत. पावसाळी रानात, चिखलात, जळवा अंगावर घेऊन एवढी मोठी वनस्पती मोजायची, कापायची आणि सांभाळून आणायची, याला कौशल्याइतकाच धीर लागतो.

दुसरी पायरी तुलनेची. ‘नवीन’ हा शब्द उच्चारण्याआधी ‘आजवरच्या कुणासारखी नाही’ हे सिद्ध करावं लागतं. जगात मुसा वंशाच्या सत्तरच्या आसपास प्रजाती नोंदलेल्या आहेत. त्यांचे मूळ नमुने वेगवेगळ्या देशांच्या संग्रहांत पडून आहेत. ते पाहायचे, जुनी वर्णनं वाचायची, जवळच्या नातेवाइकांशी एकेक लक्षण ताडून पाहायचं. एखाद्या बेटावरची केळ केवळ सुपीक ओलसर जागेमुळे उंच झाली असेल, तर ती नवी प्रजाती होत नाही. फरक एका झाडाचा नसून सगळ्या रांगेचा आहे, हवामानाचा नसून रक्ताचा आहे, हे दाखवावं लागतं.

तिसरी पायरी नोंदीची, आणि तिला कायद्यासारखे नियम आहेत. वनस्पतींच्या नावांचा हिशेब 1 मे 1753 पासून सुरू होतो. स्वीडनच्या कार्ल लिनियसच्या ‘स्पेसीज प्लांटारम’ या ग्रंथाची ती ठरवलेली तारीख. त्यानंतर जे नाव आधी रीतसर छापलं गेलं, त्याचा मान पहिला. 1958 पासून प्रत्येक नव्या नावासोबत एक प्रमाण नमुना नेमून देणं सक्तीचं झालं. नाव कायमचं त्या नमुन्याला बांधलेलं असतं. उद्या वाद झाला, तर पुस्तकातलं वर्णन बाजूला ठेवून तो नमुना उघडून पाहतात. 2011 संपेपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये लिहावं लागत असे. 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजीही चालू लागली. हे नियम दर सहा-सात वर्षांनी जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ एकत्र जमून तपासतात. शेतीच्या सातबाऱ्यात जशी एकेक नोंद मागच्या फेरफारापर्यंत नेता येते, तशी वनस्पतीच्या नावाची नोंद पहिल्या कागदापर्यंत नेता येते.

नाव चुकलं की काय होतं

या कसबाच्या इतिहासात केळीनं भल्याभल्यांना चकवलं आहे. 1736 मध्ये लिनियस तरुण होता आणि हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड नावाच्या धनिकाच्या बागेवर काम करत होता. तिथे काचगृहात केळ फुलवण्यात यश आलं. युरोपात ती एवढी अपूर्वाईची गोष्ट होती, की लिनियसनं त्या एका केळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. अरबीतल्या ‘मौझ’ या केळ्याच्या नावाशी जवळीक सांगणारं ‘मुसा’ हे नाव पुढे वंशाला राहिलं. 1753 मध्ये त्यानं प्रजातीचं नाव ठेवलं ‘मुसा पॅराडिसियाका’, म्हणजे नंदनवनातली केळ. पण काचगृहात फुललेली ती केळ बिनबियांची, माणसानं लावलेली होती. निसर्गात स्वतंत्रपणे जगणारी प्रजाती ती नव्हतीच. दोन रानकेळींच्या संकरातून आलेली ती लेक होती.

शंभर वर्षांनी हाच प्रकार पुन्हा घडला, आणि त्याचा धागा थेट रावेरपर्यंत येतो. 1830 च्या सुमारास मॉरिशस बेटावरून केळीचे कंद इंग्लंडला गेले. त्यांतली एक केळ डर्बिशायरमधल्या चॅट्सवर्थच्या हवेलीत जोसेफ पॅक्सटन या माळ्याकडे आली. त्यानं ती काचगृहात वाढवली. ती फुलली, फळली. हवेलीचा मालक ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याच्या आडनावावरून तिला ‘मुसा कॅव्हेंडिशी’ म्हटलं गेलं. पुढे मिशनऱ्यांनी तिची रोपं सामोआ बेटांवर नेली, तिथून ती प्रशांत महासागरात पसरली. आपली बसराई याच घराण्यातली ठेंगणी केळ, ग्रँड नैनही याच घराण्यातली. आज मात्र ‘मुसा कॅव्हेंडिशी’ ही वेगळी प्रजाती मानली जात नाही. तो वाणांचा एक गट आहे. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत, बी न धरण्याचं एक मोठं कारणही तेच.

खऱ्या रानकेळींपर्यंत नाव पोचलं 1820 मध्ये. इटलीतल्या तुरिनजवळ लुइजी कोला नावाच्या वकिलानं दोन प्रजातींचं वर्णन केलं: मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. जगातली बहुतेक खाण्याची केळी या दोघींचीच लेकरं आहेत, पण हे उलगडायला पुढची 135 वर्षं गेली. 1955 मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड या संशोधकांनी 15 लक्षणांचं कोष्टक मांडलं. प्रत्येक लक्षणाला एक ते पाच गुण. एकूण 15 आले तर शुद्ध अक्युमिनाटा, 75 आले तर शुद्ध बाल्बिसियाना, मधले सगळे संकर.

त्या कोष्टकातली लक्षणं पाहिली की थक्क व्हायला होतं, कारण त्यांतली बरीचशी आपल्या बागेत उभं राहून कुणालाही तपासता येतात. खोडावर तपकिरी-काळे डाग भरपूर आहेत की जवळजवळ नाहीतच? पानाच्या देठाची पन्हळ वर उघडी आहे की मिटलेली? केळफुलाची पाकळी उघडल्यावर वरच्या बाजूला गुंडाळी घेते, की नुसती उचलली जाऊन तशीच राहते? पाकळीचं टोक निमुळतं आहे की बोथट? फुलातल्या बीजांडांच्या ओळी दोन की चार? केळफुलाची भाजी करायला पाकळ्या सोडवणारी प्रत्येक बाई यातली निम्मी लक्षणं हातात धरते. शास्त्रज्ञ त्याच गोष्टी मोजतो आणि लिहून ठेवतो. ग्रँड नैनच्या नावापुढे आज ‘एएए’ अशी खूण लिहितात. तिन्ही संच अक्युमिनाटाचे, असा तिचा अर्थ. आपल्या बागेची वंशावळ तीन अक्षरांत मावली, ती या मोजमापामुळे.

रूढ नावही फसवतं. सह्याद्रीच्या कातळकड्यांवर पावसाळ्यात जी रानकेळ किंवा चवेणी उगवते, ती दिसायला केळच. पण तिला मुनवे फुटत नाहीत. ती बियांवरच वाढते, आयुष्यात एकदाच निसवते आणि फळून मरते. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गनं तिला ‘मुसा सुपर्बा’ म्हटलं होतं. 1940 च्या दशकात त्रिनिदादमध्ये काम करणाऱ्या चीझमन यांनी अशा केळींना मुसा वंशातून काढून ‘एन्सेट’ या वेगळ्या वंशात ठेवलं. तिच्या गुणसूत्रांचा मूळ संच नऊचा, मुसाच्या खाण्याच्या केळींचा अकराचा. म्हणजे आपण जिला हक्कानं रानकेळ म्हणतो, ती आपल्या बागेतल्या केळीची बहीण नाही, चुलत घराण्यातली आहे. अंदमानातली 11 मीटरची केळ मात्र सख्ख्या नात्यातली.

चिठ्ठीचं मोल

या कसबात सगळ्यात मोठी ठेव कोणती, असं विचारलं तर उत्तर आहे नमुन्यावरची चिठ्ठी. ती खोटी निघाली तर काय होतं, याचा धडा जग खानदेशात शिकलं. धडा वनस्पतीचा नाही, पक्ष्याचा आहे, पण नियम तोच.

रानपिंगळा हे छोटं घुबड पक्षितज्ज्ञ अॅलन ह्यूम यांनी 1873 मध्ये शास्त्रासमोर आणलं. नमुना ब्लेविट नावाच्या संग्राहकानं आजच्या छत्तीसगडात मिळवला होता, म्हणून त्याचं नाव पडलं ब्लेविटी. पुढच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, या पिंगळ्याचे आणखी नमुने गोळा केले. 1884 नंतर तो कुणालाही दिसला नाही. त्यानंतरचा एकच पुरावा होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या लष्करी अधिकाऱ्यानं 1914 मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला पकडल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही.

अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला. क्ष-किरणांनी आतली रचना पाहिली. पेंढा नव्यानं भरला होता, पण मूळ हाताची खूण लपली नव्हती. कातडं सोलण्याची आणि भरण्याची पद्धत डेव्हिडसनची होती. संग्रहातला जुना नमुना चोरून, नवा पेंढा भरून, नवी चिठ्ठी लावलेली होती. खोटी चिठ्ठी बाजूला काढताच डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्या मोकळ्या झाल्या, आणि त्या खानदेशाकडे बोट दाखवत होत्या. 25 नोव्हेंबर 1997 रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. 113 वर्षं हरवलेला पक्षी आपल्याच बांधावर बसलेला होता. नंतर तो तोरणमाळ आणि मेळघाटातही आढळला.

एका खोट्या चिठ्ठीनं शोध कित्येक दशकं चुकीच्या गावाला पाठवला. एका खऱ्या चिठ्ठीनं तो योग्य टेकडीवर आणून सोडला. लिटल अंदमानातल्या केळीच्या नमुन्यावर ‘कृष्णा नाला’ ही अक्षरं लिहिताना हाताला जी जबाबदारी जाणवायला हवी, ती हीच.

घरच्या नोंदवह्या

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामागे रानोरान हिंडणाऱ्या देशी संग्राहकांचे पाय होते. त्यांतल्या एन. बी. रानडे यांचं नाव 1894 मध्ये ‘अॅब्युटिलॉन रानडेई’ या सह्याद्रीतल्या दुर्मीळ झुडपाला मिळालं. आर. के. भिडे यांच्या नावावरून तर गवताच्या एका अख्ख्या वंशाला ‘भिडेया’ म्हणतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लाटर हर्बेरियम 1906 पासून उभं आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची स्थापना 1890 ची. तिचं पुण्यातलं पश्चिम विभागीय केंद्र 1955 मध्ये सुरू झालं आणि अंदमान-निकोबारचं केंद्र 1972 मध्ये.

खानदेशाच्या वाट्याला स्वतःच्या नोंदवह्या उशिरा आल्या, पण आल्या. धुळ्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डी. ए. पाटील यांचा धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 2003 मध्ये निघाला. 2008 मध्ये एस. आर. क्षीरसागर आणि डी. ए. पाटील यांचा जळगाव जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला. जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहायचा म्हणजे पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असं त्याच त्या रानात पुन्हा पुन्हा जायचं, कारण एक वनस्पती श्रावणात फुलते तर दुसरी पानगळीनंतर. अंजन, सालई, धावडा यांच्या रानांत वर्षानुवर्षं केलेल्या त्या पायपिटीमुळेच आज आपण सांगू शकतो, की सातपुड्यातल्या पालच्या डोंगरात काय आहे आणि काय नाही. ‘नवीन’ म्हणण्याआधी ‘जुनं’ काय ते माहीत असावं लागतं. हे काम त्या जुन्याचा पाया घालतं.

बी कुठे आहे

आता पुन्हा बागेकडे. अलीकडच्या काही वर्षांत रावेर-यावलमध्ये कुकुंबर मोझॅक विषाणूनं, म्हणजे हरण्या रोगानं, शेतकऱ्यांना नुकती लावलेली रोपं उपटून टाकायला लावली. करपा दर पावसाळ्यात दारावर असतोच. त्याहून मोठं सावट मातीतल्या बुरशीचं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाच्या केळ्याचं राज्य होतं. पनामा रोगानं ते मध्य अमेरिकेच्या बागांतून पुसून टाकलं आणि त्याची जागा कॅव्हेंडिशनं घेतली, कारण तिला त्या बुरशीची बाधा होत नव्हती. पुढे त्याच बुरशीचा नवा प्रकार आला. ‘टीआर-4’ नावाचा हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. भारतात तो बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला आहे. मातीत शिरली की ही बुरशी वर्षानुवर्षं तिथे राहते, फवारणीनं जात नाही.

यावरचं एक उत्तर रानातून आलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात जेम्स डेल यांच्या गटानं मुसा अक्युमिनाटाच्या ‘मालाकेन्सिस’ या रानटी उपप्रजातीतलं एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं. त्यातून तयार झालेल्या, टीआर-4 ला दाद न देणाऱ्या केळीला 2024 मध्ये तिथे मान्यता मिळाली. ही मालाकेन्सिस म्हणजे बियांनी भरलेली, बाजारात कुणी फुकटही न घेईल अशी केळ. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांनी मलाया द्वीपकल्पातल्या रानातून तिचं पहिलं वर्णन केलं 1893 मध्ये. त्या दिवशी तिचा उपयोग काय, असं कुणी विचारलं असतं, तर खुद्द रिडलींना सांगता आलं नसतं. उत्तर यायला 131 वर्षं लागली. नाव नसतं, नमुना नसता, तर 2024 च्या संशोधकाला ती शोधायची कुठे, हेच कळलं नसतं.

मुसा इंडअंदमानेन्सिसकडे आज तसंच पाहायला हवं. तिच्या नारिंगी गरात, लांब दांड्यात, बियांच्या आत काय साठवलेलं आहे, ते उलगडायला वेळ लागेल. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला 1993 पासून केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात केळीच्या दीड हजारांहून अधिक वाणांची आणि प्रजातींची जिवंत रोपं काचनळ्यांत जपलेली आहेत. पण जपण्याआधी ओळखणं येतं, आणि ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत. महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र म्हणजे आता प्रामुख्यानं प्रयोगशाळा. पावसात हिंडून, पान उलटून, फूल फोडून प्रजाती सांगणारा विद्यार्थी शोधावा लागतो. बेटांवरची रानं आकसताहेत, सातपुड्यातली रानंही आकसताहेत. एखादी केळ नाव मिळण्याआधीच नाहीशी झाली, तर ती नाहीशी झाली हेसुद्धा कुणाला कळणार नाही.

आणि तरी मला वाटतं, या कामाचा पहिला धडा खानदेशात घरोघर शिकवला जातो. कंदाभोवती मुनवे फुटतात तेव्हा ते सगळे सारखे नसतात. काहींची पानं अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी, बुड भक्कम. काहींची पानं लवकर रुंद होतात, बुड मात्र कमजोर. पुढच्या पिकासाठी पहिला राखायचा, दुसरा काढून टाकायचा. बांधावर उभा असलेला आजा नातवाला हे पुस्तकातून सांगत नाही. तो मुनव्याच्या बुडाशी हात नेऊन दाखवतो, पान बोटांवर धरून दाखवतो, आणि चार दिवसांनी पोराला विचारतो, यातला कोणता ठेवायचा? पोरगं पाहतं, ताडून पाहतं, बोट दाखवतं. लिटल अंदमानच्या रानात, 11 मीटर उंच केळीखाली उभ्या असलेल्या माणसानंही तेच केलं. त्याच्याजवळ फक्त एक वही जास्त होती. ती वही या पोरांच्या हातात देणं आपल्याला जमण्यासारखं आहे.